बेटाला वळसा घालताना

आरोग्याच्या सदरात वाहतुकीचे काय काम, असे काही वाचकांना वाटेल. दवाखान्यात एक्स-रे पाहण्याच्या दिव्यासमोर पाच मिनिटे उभे राहिले, तर तसे वाटणार नाही. ताप, खोकला, जुलाब यांचे रुग्ण ऋतूप्रमाणे कमी-जास्त होतात. रस्त्यावर पडून आलेल्यांना मात्र ऋतू नाही. सरकारी आकडेवारीप्रमाणे २०२२ साली आपल्या देशात ४,६१,३१२ रस्ते अपघात झाले आणि त्यांत १,६८,४९१ माणसे दगावली. दगावलेल्यांत शंभरामागे चव्वेचाळीसहून अधिक दुचाकीवरचे होते. एखाद्या साथीने एवढी माणसे गेली असती तर आपण घरोघर फवारणी केली असती.

आज लिहायचे आहे ते एकाच जागेविषयी. पुतळ्याभोवतीचा जुना गोल चौक आपल्या सर्वांच्या सवयीचा आहे. तिथे हातगाडी, रिक्षा, सायकल, एस.टी. सगळेच इतके हळू चालतात की धक्का लागला तरी बोलाचालीवर भागते. पण आता गावोगावी चौपदरी बायपास झाले, औद्योगिक वसाहतींचे रस्ते रुंद झाले, आणि असे दोन रस्ते जिथे एकमेकांना छेदतात तिथे मोठी वाहतूक बेटे आली. बेटाभोवती दोन-दोन, तीन-तीन वाहने शेजारी-शेजारी चालतील एवढी जागा. आपण या जागेला सर्कल म्हणतो आणि त्या शेजार-शेजारच्या पट्ट्यांना लेन. गाडी शिकताना क्लच, ब्रेक, आठचा आकडा, चढावर गाडी उभी करणे हे सगळे शिकवतात. दोन लेनच्या सर्कलमध्ये कुठल्या लेनने शिरायचे आणि कसे बाहेर पडायचे, हे मला तरी कोणी शिकवले नव्हते. मी ते कसे शिकलो हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो.

एका सकाळी खेड्यातील रुग्ण पाहून मी मोटारीने परत येत होतो. बायपासच्या सर्कलवर आलो. मला सरळ गावात जायचे होते. डाव्या लेनमध्ये एक मालट्रक रेंगाळत होता, उजवी लेन मोकळी होती. मी उजव्या लेनने शिरलो, बेटाच्या कडेने अर्धा वळसा घेतला आणि गावाचा रस्ता येताच गाडी डावीकडे घेतली. इंडिकेटर दिला नाही. डाव्या आरशात पाहिले नाही. त्याच वेळी डावीकडच्या रस्त्यावरून एक शिक्षिका स्कूटरवर सर्कलमध्ये शिरल्या होत्या. त्यांना समोरच्या रस्त्याला, म्हणजे माझ्या उजव्या हाताला जायचे होते. माझी गाडी त्यांना दिसली होती, पण ती आतल्या लेनमध्ये होती आणि त्यांच्यापुढची बाहेरची लेन रिकामी होती. त्या त्या रिकाम्या लेनमधून निघाल्या आणि मी ती लेन आडवी कापली.

माझा वेग ताशी वीस किलोमीटरच्या वर नव्हता. बॉनेटचा कोपरा नुसता लागला. पण बाई डाव्या कुशीवर पडल्या, सावरण्यासाठी डावा हात टेकला आणि मनगट वाकले. आम्हा डॉक्टरांना ते एका नजरेत कळते. उलट्या ठेवलेल्या काट्या-चमच्यासारखा त्या हाताला बाक येतो. चाळिशी-पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांत पाळी बंद झाल्यावर हाडे ठिसूळ होऊ लागतात आणि हात टेकून पडले की पहिले मोडते ते मनगटच.

रस्त्याच्या कडेला हाताला फळकुट बांधत असताना बाई म्हणाल्या, "डॉक्टर, तुम्ही बेटाच्या कडेनं चालला होता. मला वाटलं, तुम्ही वळसा घेऊन पुढंच जाणार. तुम्ही बाहेर निघणार हे मला कळावं कसं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे वाटले असते. पोलिसांत रीतसर नोंद झाली, विम्याचे काम झाले, सहा आठवडे प्लास्टर राहिले. प्लास्टर काढल्यावरही कणीक मळताना हात दुखतो, असे त्या बरेच महिने सांगत होत्या. त्यांचा तो प्रश्न मात्र माझ्या डोक्यात राहिला. मी नियम वाचले, आणि गावोगावच्या सर्कलांच्या कडेला उभा राहून वाहने पाहिली. बहुतेक अपघात त्या एका प्रश्नातच असतात, असे माझे मत झाले आहे. शेजारचा कुठे निघाला आहे हे आपल्याला ठाऊक नसते आणि आपण कुठे निघालो हे आपण त्याला सांगत नाही.

ताट आणि वाटी

आता वाचकांनी एक करावे. जेवणाचे ताट घ्यावे आणि मध्यभागी वाटी पालथी घालावी. वाटी म्हणजे बेट. वाटी आणि ताटाची कड यांमधली जागा म्हणजे रस्ता. त्यातली वाटीला लागून असलेली गोल पट्टी ही आतली लेन, कडेची पट्टी ही बाहेरची लेन. ताट हेच घड्याळ समजा. आपण सहाच्या आकड्याकडून येत आहोत. नऊचा आकडा हा डावीकडचा रस्ता, बारा हा समोरचा, तीन हा उजवीकडचा.

आपल्याकडे वाहने रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतात, म्हणून सर्कलभोवती ती घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरतात आणि बेट नेहमी आपल्या उजव्या हाताला राहते. देवळातील प्रदक्षिणा हीच. देव उजवीकडे ठेवून आपण फिरतो. हे लक्षात ठेवले तर दिशा कधी चुकणार नाही. शंकराच्या देवळात मात्र सोमसूत्रापर्यंत जाऊन परत फिरण्याची रीत आहे. ती देवळातच ठेवावी. उजवीकडे जायचे म्हणून वळसा न घेता थेट उलटे घुसणारे भाविक आपल्याकडे फार आहेत. ते वाचवतात काय, याचा मी एकदा हिशेब केला. गाडीच्या वाटेचा व्यास ४० मीटर धरला तर पूर्ण फेरी सुमारे १२५ मीटरची होते. उजवीकडे जाण्यासाठी रीतसर पाऊण फेरी म्हणजे ९४ मीटर, उलटे गेले तर ३१. वाचले ६३ मीटर, म्हणजे ताशी वीसच्या वेगाने अकरा सेकंद. आणि समोरून येणाऱ्याची नजर असते त्याच्या उजवीकडे, कारण वाहने तिकडूनच यायला हवीत. उलटा आलेला त्याला दिसतो तो अंगावर आल्यावरच.

आधी कोणी जायचे? बेटाभोवती जो आधीच फिरत आहे त्याने. आत शिरणाऱ्याने थांबायचे. १९८९ च्या रस्ता नियमांत चौकात शिरताना उजवीकडून येणाऱ्यांना वाट द्यावी असे होते. सर्कलमध्ये फिरणारी वाहने आपल्या उजवीकडूनच येत असल्याने अर्थ तोच निघत होता. २०१७ च्या वाहनचालन विनियमांत सर्कलमधील वाहनांचा पहिला हक्क स्पष्टच मानला आहे. रस्ता रुंद आहे, गाडी मोठी आहे, हॉर्न जोरात आहे, यांपैकी कशानेही तो हक्क बदलत नाही.

हा नियम नुसत्या सौजन्याचा नाही, त्यामागे साधे गणित आहे. शिरणाऱ्याला आधी जाऊ दिले तर सर्कल भरत जाते, आतल्यांना बाहेर पडता येत नाही, आणि शेवटी सगळी चाके एकमेकांत अडकून बसतात. आतल्याला आधी जाऊ दिले तर सर्कल आपोआप रिकामे होत राहते. सर्कलची कल्पना जुनी आहे. न्यूयॉर्कमधले कोलंबस सर्कल १९०५ चे आहे आणि पॅरिसमध्ये विजयकमानीभोवती गोल वाहतूक १९०७ च्या सुमारास सुरू झाली. पण हे गणित नियमात यायला फार वेळ लागला. इंग्लंडने ते १९६६ साली देशभर लागू केले. त्याआधी तिथली सर्कलेही अशीच तुंबत. फ्रान्समध्ये १९८४ नंतर हळूहळू तो नियम आला, तरी पॅरिसच्या त्या विजयकमानीभोवती अजून शिरणाऱ्यालाच आधी वाट मिळते. बारा रस्ते तिथे येऊन मिळतात आणि तिथला गोंधळ प्रवासी उभे राहून पाहतात.

दोन लेनच्या सर्कलमध्ये मात्र एक गोष्ट जास्त आहे, आणि त्या दिवशी बाईंची चूक झाली ती इथे. वाट द्यायची ती आतल्या आणि बाहेरच्या दोन्ही लेनमधील वाहनांना. बाहेरची लेन रिकामी दिसली म्हणून शिरू नये. आतल्या लेनमधला पुढच्याच क्षणी बाहेर पडू शकतो, आणि त्यासाठी त्याला बाहेरची लेन ओलांडावीच लागते. उजवीकडे पाहताना वाटीच्या कडेपर्यंत पाहायचे.

लेन केव्हा धरायची

माझी चूक त्याहून मोठी होती. मी लेन निवडली ती कुठली मोकळी आहे हे पाहून. लेन निवडायची ती आपल्याला कुठे जायचे आहे यावरून, आणि तीही सर्कल येण्याआधी शंभरएक मीटरवर. रस्त्यावर बाण रंगवलेले असतील किंवा फलक असेल तर त्याप्रमाणे. नसेल तर ताटाकडे पाहा.

नऊच्या रस्त्याला, म्हणजे डावीकडे जायचे असेल तर आधीपासून डावी लेन धरावी, डावा इंडिकेटर द्यावा, कडेकडेने शिरावे आणि पहिल्याच रस्त्याला बाहेर पडावे.

बाराच्या रस्त्याला, म्हणजे सरळ जायचे असेल तरी डावीच लेन धरावी. शिरताना कुठलाही इंडिकेटर नको. नऊचा रस्ता मागे पडला की डावा इंडिकेटर द्यावा आणि बाराला बाहेर पडावे. तीन लेन असतील तर सरळ जाणाऱ्यांसाठी बहुधा मधली असते. त्या दिवशी मी ट्रकच्या मागे दहा सेकंद थांबलो असतो तर पुढचे काही घडले नसते.

तीनच्या रस्त्याला, म्हणजे उजवीकडे जायचे असेल तर उजवी लेन आणि उजवा इंडिकेटर. आत शिरून वाटीच्या कडेने फिरावे. नऊ मागे पडेल, बारा मागे पडेल. बारा मागे पडताच उजवा इंडिकेटर बंद करून डावा द्यावा, डाव्या आरशात पाहावे, मान वळवून खांद्यावरून पाहावे, आणि जागा असेल तरच बाहेरच्या लेनमधून तीनच्या रस्त्याला लागावे. आलो त्याच रस्त्याने परत जायचे असेल तर हेच, फक्त एक रस्ता पुढे.

आणि जागा नसेल तर? इथेच लोक घाबरून ब्रेक दाबतात किंवा देवाचे नाव घेऊन घुसतात. दोन्हीची गरज नाही. पुन्हा एक फेरी मारावी. साध्या चौकात रस्ता चुकला तर लांब जाऊन वळावे लागते, सर्कलमध्ये चुकलेला माणूस अर्ध्या मिनिटात पुन्हा त्याच जागी येतो. गाडीतली मंडळी हसतील, हसू द्यावे.

आत असताना पुढच्याला ओलांडू नये, लेन बदलू नये, आणि मध्येच थांबू तर मुळीच नये. मागून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू आला तरी सर्कलमध्ये उभे राहणे चूक आहे. बाहेर पडून, पुढे जाऊन कडेला घ्यावे. बाहेर पडण्याच्या तोंडाशी प्रवासी घेत उभे राहणाऱ्या वडापवाल्यांना मी हे अनेकदा सांगितले आहे. "डॉक्टर, पोटाचं बघायला पाहिजे ना," हे त्यांचे उत्तर. ते उत्तर मला पटत नाही आणि खोडताही येत नाही. पण तोंडाशी एक गाडी उभी राहिली की मागची बाहेर पडणारी गाडी आतल्या लेनमध्ये अडकते, हे त्यांनीच एकदा कडेला उभे राहून पाहावे.

मालट्रक, एस.टी. आणि गळीत हंगामात उसाच्या जोड-ट्रॉल्या यांचा हिशेब वेगळा आहे. लांब वाहन वळताना त्याचे मागचे चाक पुढच्या चाकाच्या वाटेने जात नाही, ते आतल्या बाजूला ओढले जाते. सर्कलमध्ये शिरताना आणि बाहेर पडताना ट्रक डावीकडे वळतो, म्हणून मागचे चाक डाव्या कडेला येते. नेमका तिथे मोटारसायकलवाला सापडीतून पुढे निघालेला असतो. ट्रकच्या केबिनमधून डावी बाजू सर्वांत कमी दिसते. उंच बसलेल्या चालकाला जवळचा स्वार दिसतच नाही, आणि बेटाभोवती फिरताना त्याला दोन्ही लेनची जागा लागते. म्हणून अशा वाहनाच्या शेजारून सर्कलमध्ये शिरूच नये, मागे राहावे. त्याच्या आरशात चालकाचा चेहरा आपल्याला दिसत नसेल तर त्यालाही आपण दिसत नाही. रात्री उसाच्या ट्रॉलीला मागे लाल रिफ्लेक्टर नसेल तर तिच्या मागे चालतानाही पुरेसे अंतर ठेवावे.

मान, डोळे आणि गोळ्या

आता माझ्या विषयाकडे येतो. सर्कल सुरक्षित असते याचे मुख्य कारण वेग. साध्या चौरस्त्यात वाहनांच्या वाटा एकमेकींना ३२ ठिकाणी भिडतात, एका लेनच्या सर्कलमध्ये अवघ्या ८ ठिकाणी, आणि समोरासमोरची धडक तर जवळजवळ नाहीशी होते. अमेरिकेत साध्या चौकांची सर्कले केली तेव्हा माणसे जखमी होणारे अपघात सुमारे तीन चतुर्थांशांनी घटले. धडकेचा जोर वेगाच्या वर्गाप्रमाणे वाढतो. ताशी ४० ऐवजी २० वेग असेल तर जोर निम्मा नाही, चौथाईच होतो. बाईंचे मनगट मोडले, जीव गेला नाही, तो या चौथाईमुळे. लेन दोन झाल्या की भिडण्याच्या जागा पुन्हा वाढतात, आणि त्यातून रात्री रस्ता रिकामा म्हणून कोणी साठच्या वेगाने वळसा घेतला तर सर्कलचा सगळा फायदाच संपतो.

पण हळू चालवणाऱ्यालाही उजवीकडे नीट दिसले पाहिजे. माझ्याकडे येणाऱ्या रुग्णांपैकी कितीतरी जणांना ते दिसत नसते आणि त्यांना त्याचा पत्ताही नसतो.

मानेचे मणके झिजलेला माणूस मान पूर्ण वळवत नाही. दुखते म्हणून तो नुसते डोळे फिरवतो. साध्या रस्त्यावर ते खपून जाते, सर्कलच्या तोंडाशी नाही. हे ताडण्यासाठी खुर्चीत ताठ बसा आणि धड न हलवता हनुवटी खांद्याकडे न्या. हनुवटी खांद्याच्या वर येत नसेल तर गाडी सर्कलच्या तोंडाशी पूर्ण थांबवून, कमरेतून वळून पाहण्याची सवय लावून घ्यावी. आणि गळ्यात पट्टा घालून गाडी चालवू नये. पट्टा मानेला आराम द्यायला असतो, गाडीत तो घोड्याच्या झापडांचे काम करतो.

दुसरा शत्रू काचबिंदू. यात समोरचे शेवटपर्यंत स्वच्छ दिसते, पण कडेची नजर हळूहळू आत येत जाते. दुखत नाही, लालही होत नाही. "सारख्या गाड्या एकदम कुठूनतरी अंगावर येतात," अशी तक्रार घेऊन एक निवृत्त गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांना वाटत होते, हल्लीच्या पोरांना गाडी चालवता येत नाही. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवले तेव्हा दोन्ही डोळ्यांत काचबिंदू निघाला. चाळिशीनंतर डोळ्यांचा दाब आणि कडेची नजर एकदा तपासून घ्यावी. घरात कोणाला काचबिंदू असेल तर अवश्य. मोतीबिंदूवाल्यांची अडचण निराळी. समोरच्या दिव्याचा प्रकाश डोळ्यांत पसरतो आणि त्या झळाळीत शेजारची सायकल हरवते. त्यांनी शस्त्रक्रिया होईपर्यंत रात्री गाडी चालवू नये.

डोळे उत्तम असले तरी मोटारीचा खांब आडवा येतो. पुढच्या काचेच्या उजव्या कडेचा खांब चालकाच्या अगदी जवळ असतो, आणि उजवीकडून फिरत येणारा मोटारसायकलस्वार नेमका त्याआड सापडतो. आपण पुढे सरकतो, तोही सरकतो, आणि दोघांचे वेग जुळले तर तो काही सेकंद खांबाआडच राहतो. नंतर चालक शपथेवर सांगतो, "रस्ता रिकामा होता." तो खोटे बोलत नसतो. यावर उपाय फुकटचा आहे. सर्कलच्या तोंडाशी डोके एकदा पुढे आणि एकदा मागे न्यावे. खांबाआडचे चटकन दिसते. मध्ये बेटावर पुतळा, कारंजे किंवा झाडे असली तर बिघडत नाही, आपल्याला पलीकडचे पाहायचे नसते. पण रस्त्याच्या उजव्या कोपऱ्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांचा दहा फुटी फ्लेक्स लावला की शिरणाऱ्याला काहीच दिसत नाही. ज्यांचा वाढदिवस आहे त्यांनाच हे कोणीतरी सांगायला हवे.

सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्यांबद्दलही सांगायला हवे. दुकानातून सहज मिळणाऱ्या क्लोरफेनिरामाईनसारख्या गोळ्यांनी गुंगी येते. सरळ रस्त्यावर ती जाणवत नाही. सर्कलमध्ये एकाच वेळी उजवीकडे पाहणे, लेन धरणे आणि इंडिकेटर देणे या तीन गोष्टी कराव्या लागतात, तिथे ती जाणवते. मधुमेहाची इन्शुलिन किंवा साखर उतरवणारी गोळी घेऊन उपाशीपोटी निघणाऱ्यांचेही तेच. मोबाईलबद्दल काय लिहावे? एका हाताने कानाला फोन धरून दोन लेनच्या सर्कलमध्ये वळणारा माणूस मी पाहिला आहे आणि त्याच्यामागे त्याची दोन मुले बसलेली पाहिली आहेत.

दुचाकीवर मागे एका बाजूला बसण्याची आपल्याकडे रीत आहे. मांडीवर मूल असते, धरायला हात मोकळा नसतो. गोल फिरताना चालकाने एकदम ब्रेक लावला की मागच्या व्यक्तीचा तोल जातो, ती खाली पडते आणि डोके रस्त्यावर आदळते. दोन्हीकडे पाय टाकून बसावे, आणि हेल्मेट मागच्यालाही हवे. हेल्मेटने डोक्याच्या दुखापतीचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी आणि मृत्यूचा ४२ टक्क्यांनी कमी होतो, हे अनेक देशांतील अभ्यास एकत्र करून काढलेले आकडे आहेत. पट्टा न लावलेले हेल्मेट मात्र पडताना माणसाच्या आधी निघून जाते.

अपघात झालाच तर आधी मागच्या वाहनांना थांबवा, कारण सर्कलमध्ये वळणावरून येणाऱ्याला पडलेला माणूस उशिरा दिसतो. १०८ वर फोन करा. रक्त वाहत असेल तर स्वच्छ फडके घट्ट दाबून धरा. जखमी माणसाला बखोटीला धरून रिक्षात दुमडून घालू नका. मानेला मार असेल तर तेवढ्याने हातपाय कायमचे जातात. पाणी पाजू नका. पोलिसांच्या भीतीने निघून जाऊ नका. २०१९ साली दुरुस्त झालेल्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे मदत करणाऱ्याला आपले नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

आणि डोक्याला मार लागूनही जो उठून बसतो, "मला काही झालं नाही" म्हणून घरी जातो, त्याच्यावर पुढचे चोवीस तास लक्ष ठेवा. पुन्हापुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, अवेळी झोप, बोलण्यात गोंधळ, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणे, कानातून किंवा नाकातून रक्त अथवा पाण्यासारखा स्राव, यांपैकी एक जरी दिसले तरी सकाळची वाट पाहू नका. कवटीच्या आत रक्त साचू लागले तर माणूस आधी काही तास अगदी शुद्धीवर, हसत-बोलत असतो, आणि नंतर झोपेतून उठत नाही. वेळेवर शस्त्रक्रिया झाली तर हाच माणूस आठवड्या-दोन आठवड्यांत घरी जाऊ शकतो.

एका वाचकाने पत्रातून विचारले आहे, "माझे वडील ७२ वर्षांचे आहेत, रोज सायकलने शेतावर जातात. वाटेत बायपासचे मोठे सर्कल लागते. त्यांनी कोणत्या लेनने जावे?" माझे उत्तर असे की, त्यांनी कोणत्याच लेनने जाऊ नये. सर्कलच्या अलीकडे उतरावे, सायकल हातात धरून कडेने चालत जावे. वाटेत लागणारा प्रत्येक रस्ता सर्कलपासून थोडा मागे, झेब्रा पट्टे असतील तिथे ओलांडावा. एका वेळी एकाच बाजूची वाहने पाहावीत, दुभाजकावर थांबावे, मग दुसरी बाजू. सर्कलमधून बाहेर पडणाऱ्या गाड्यांचा डावा इंडिकेटर लागला आहे का ते पाहावे, पण त्यावर विसंबू नये. माझ्यासारखे तो न देणारे पुष्कळ आहेत. चार-पाच मिनिटे जास्त लागतील. शेत तिथेच असते.